उभ्या उभ्या दमलेला टर्बो

आधीच कबूल करून टाकतो. गाडी घेताना मी ब्रोशरमधला एकच शब्द नीट वाचला होता : टर्बो. सनरूफ, सहा एअरबॅग्ज, वायरलेस चार्जर वगैरे सगळं बायकोनं वाचलं. मी त्या एका शब्दावर फिदा! एक लिटरचं इवलंसं इंजिन, तीनच सिलिंडर आणि ताकद मात्र शंभराच्या वर घोडे. (नेमका आकडा सांगत नाही, लगेच कंपनी ओळखाल.) पुढचे सहा महिने मी तो आकडा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि सगळ्यात जास्त वाईला, म्हणजे सासुरवाडीला, ऐकवत फिरत होतो.

आमचे सासरे, अण्णा, शाळेत सायन्स शिकवून रिटायर झाले. त्यांच्याकडे २००९ ची पांढरी मारुती ८००. ताकद फक्त ३७ घोडे. पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा पासिंग करून घेतलेली. मी दर खेपेला म्हणायचो, "अण्णा, आता काढा की ही. टर्बो घ्या!" त्यावर ते हसून एवढंच म्हणायचे, "चालतंय की हिचं."

तर मंडळी, २०२४ चा मे महिना. शनिवार. अख्खं पुणं महाबळेश्वरला निघालेलं आणि त्यात आम्हीही. सुरूर फाट्यावरून आत वळलो, वाईला अण्णा-आईंना घेतलं आणि पसरणी घाटाच्या तोंडाशी जो काही जाम लागला म्हणता! बाहेर ३८ डिग्री. आत एसी फुल. गाडी सुरूच. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही गोगलगाईच्या चालीनं एकेक गाडी पुढे सरकत होतो. आईंनी डब्यातल्या करंज्या काढल्या. मी वेळ चांगला घालवायचा म्हणून टर्बोवर लेक्चर चालू केलं.

अखेर जाम सुटला. आमच्या पुढे एक टेम्पो होता. कुठल्याशा हॉटेलच्या गाद्या एकावर एक रचलेल्या, दोरीनं करकचून बांधलेल्या आणि तरीही डुलणाऱ्या. चढ तीव्र, टेम्पो हाशहुश करत चाललेला. पुढे सरळ तुकडा दिसला, लांबवर वरच्या वळणावरून एक एसटी खाली येताना दिसली. मनात हिशेब केला : बास की, टर्बो आहे! इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला.

काहीच झालं नाही.

म्हणजे इंजिनानं आवाज भरपूर केला. पण रोज हायवेवर पाठीला सीट चिकटवणारा तो धक्का गायब! गाडी टेम्पोच्या बरोबरीला आली आणि तिथेच रेंगाळली. शेजारी गाद्या, समोर एसटी. एसटीवाल्यानं लाइट मारले, मग ब्रेक मारला. मी पाय काढला, मागे आलो आणि कसाबसा गाद्यांच्या मागे शिरलो. एसटी शेजारून गेली तेव्हा ड्रायव्हरनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहू शकत नाही.

गाडीत एकदम शांतता. आईंच्या मांडीवरचा डबा तसाच उघडा. बायको पाचगणी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि लग्न झालेल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. अण्णा तेवढे म्हणाले, "जावईबापू, गाडी चांगली आहे तुमची. पण जरा दमानं घ्या."

कोड नाही म्हणजे आजार नाही!

सोमवारी गाडी घेऊन थेट सर्व्हिस सेंटर गाठलं. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी, टापटीप शर्टातला अ‍ॅडव्हायझर. त्यानं लॅपटॉप लावला, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "सर, एरर कोड काहीच नाही. गाडी ओके आहे." ट्रायल घेतली. सकाळची वेळ, रिकामा रस्ता. गाडी बाणासारखी पळाली. तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जसं डॉक्टर परीक्षेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या पोराकडे बघतात.

मग गेलो आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "जाममध्ये किती वेळ उभी होती?"

"वीस-पंचवीस मिनिटं. एसी चालू."

"मग गाडी बरोबर वागली. तुमचा इंटरकूलर शिजला होता."

बॉस, या एका वाक्यात माझं सहा महिन्यांचं लेक्चर कोसळलं. कारण खरं सांगतो, इंटरकूलर हा शब्द मी तोवर फक्त ट्रकच्या अंगावर लिहिलेला वाचला होता.

सायकलचा पंप आठवतोय?

पुढचा फंडा मला अण्णांनी क्लिअर करून दिला. फोनवर सगळी हकीकत सांगितली तर म्हणाले, "लहानपणी सायकलमध्ये हवा भरली आहे का कधी? जोरजोरात पंप मारला की पंपाचं खालचं टोक तापतं की नाही? हवा दाबली की ती तापतेच. तुमचा टर्बो म्हणजे तोच पंप, फक्त मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा."

झालं ना! टर्बोचं काम एवढंच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला बसवलेलं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. म्हणून एक लिटरचं इंजिन दीड लिटरच्या इंजिनाला भारी पडतं. पण हवा दाबली की तापते. बाहेर ३५ डिग्री असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघताना ती सहज १०० डिग्रीच्या पुढे जाते. आणि तापलेली हवा म्हणजे विरळ हवा. दाबून मिळवलेला फायदा तापून गमवायचा!

यावर उपाय म्हणजे इंटरकूलर. रेडिएटरसारखीच दिसणारी, बहुतेक गाड्यांत बंपरच्या आत बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची जाळी. आतून टर्बोची गरम हवा जाते, बाहेरून गाडी पळताना समोरून येणारा वारा लागतो. इंजिनात शिरेपर्यंत हवा पुन्हा माणसात येते.

आता यातला महत्त्वाचा शब्द कोणता? टर्बो नाही. *वारा.*

गाडी उभी राहिली की वारा बंद. वर शेजारीपाजारी कोण, तर तापलेला रेडिएटर, तापलेला एसीचा कंडेन्सर, मागे इंजिन आणि खाली मे महिन्यातलं डांबर. फॅन फिरतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ढवळतो आणि त्यातली बरीचशी खालून फिरून पुन्हा ग्रिलसमोर येते. एसी फुल असेल तर त्याच्या कंडेन्सरची गरमी त्यात आणखी भर घालते. म्हणजे आपण आत गार बसलेलो असतो, ती बाहेरच्या जाळीच्या जिवावर! वीस मिनिटांत जाळीचं सगळं धातू तापून जातं. यालाच इंग्रजीत 'हीट सोक' म्हणतात. डाळ भिजत घातली की पाणी जसं दाण्याच्या आतपर्यंत मुरतं, तशी उष्णता जाळीत मुरते. आणि मग जाम सुटतो, आपण पाय दाबतो आणि टर्बोची गरम हवा थंड होण्यासाठी जाते कुठे, तर तव्यावर!

कॉम्प्युटर घाबरतो, म्हणून आपण वाचतो

इथवर ऐकून मी म्हणालो, "अण्णा, पण हवा विरळ झाली म्हणून एवढा फरक?" मास्तरच ते. म्हणाले, "आकडे आणा, मग बोलू."

आकडे आणायला हल्ली फार काही लागत नाही. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा पोर्ट असतो, त्यात बसणारा ब्लूटूथचा डोंगल मिळतो. एका पिक्चरच्या खर्चात. मोबाइलवर अ‍ॅप घ्यायचं आणि 'इनटेक एअर टेम्परेचर' हा आकडा पाहायचा. बहुतेक टर्बो गाड्यांत हा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी असतो, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात किती गरम हवा पितंय ते कळतं.

आठवडाभर हिंजवडीहून घरी येताना मी तो आकडा बघितला. (मी म्हणजे शेजारी बसलेल्या बायकोनं. चालवताना मोबाइल नाही, प्लीज.) रस्ता मोकळा आणि गाडी सत्तरच्या स्पीडनं पळत असेल, तर ४६ डिग्रीच्या आसपास. सिग्नलच्या रांगेत पाव तास उभी राहिली, की ७४. थोडी लबाडी यात सेन्सरचीही असते. हवा जवळपास थांबलेली असली की तो आजूबाजूच्या तापलेल्या धातूचंच तापमान सांगतो. पण गाडीचा कॉम्प्युटर त्याच आकड्यावर विश्वास ठेवतो, हे लक्षात घ्या.

अण्णांनी हिशेब घातला. डिग्रीत २७३ मिळवायचे. ४६ चे झाले ३१९, ७४ चे ३४७. भागाकार केला तर तेवढ्याच दाबाला हवा आठ टक्के कमी. "फक्त आठ?" मी थोडा हिरमुसलो. घाटात जे झालं ते आठ टक्क्यांचं नक्कीच नव्हतं.

उरलेलं गॅरेजवाल्यानं सांगितलं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीनं, ठरलेल्या क्षणी पेटलं पाहिजे. हवा फार गरम असली, तर ते मिश्रण आपल्या मनानं भलत्याच वेळी पेटतं. इंजिन ठोकायला लागतं, ज्याला नॉकिंग म्हणतात. ते फार चाललं, तर पिस्टनची वाट लागू शकते. म्हणून कॉम्प्युटर आधीच सावध होतो. ठिणगी थोडी उशिरा टाकतो, टर्बोचा दाब कमी करतो. खरी ताकद जाते ती इथे. म्हणजे गाडी बिघडलेली नसते, ती स्वतःला वाचवत असते. एरर कोड येणार कुठून? शिस्तीत वागणाऱ्याच्या नावावर शेरा कोण मारेल!

त्यात पसरणी घाट. वाईहून पाचगणीला जाताना आपण साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर वर चढतो. वर हवा मुळातच पातळ. टर्बो ही तूट भरून काढतो, ती त्याची खासियतच आहे. पण ती भरून काढायला त्याला हवा आणखी जास्त दाबावी लागते. जास्त दाब म्हणजे जास्त गरमी. म्हणजे चढावर, उन्हात, जामनंतर, एसी लावून, पाच माणसांचं वजन... सॉरी, चार माणसं आणि करंज्यांचा डबा घेऊन मी टर्बोकडे एकाच वेळी सगळं मागितलं होतं.

हा रोग जुना आहे

आपल्याला वाटतं, हे सगळं आत्ता आत्ताचं. पण टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९०५ चं! आणि रस्त्यावरच्या पहिल्या टर्बो कारपैकी एक म्हणजे अमेरिकेतली १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर. तिला इंटरकूलर नव्हता. हवा तापते हे कंपनीला ठाऊक होतं, म्हणून त्यांनी एक वेगळी टाकी दिली. त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण. टर्बो जोरात चालला की ते इंजिनात फवारलं जायचं आणि आतली आग आटोक्यात राहायची. त्याचं नाव काय, तर 'टर्बो रॉकेट फ्लुइड'! नाव एकदम सॉलिड, पण लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. टाकी रिकामी झाली, की गाडी स्वतःच टर्बोला लगाम घालायची आणि मालक म्हणायचे, पिकअप गेला. दोन वर्षांत जेटफायर बंद. साठ वर्षांपूर्वीच्या त्या अमेरिकन मालकांत आणि माझ्यात फरक काय? त्यांनी मॅन्युअल वाचलं नव्हतं, मी ब्रोशरही अर्धंच वाचलं होतं.

पुढे जपानी रॅलीच्या गाड्यांनी वेगळी शक्कल लढवली. सुबारू इम्प्रेझाच्या टर्बो मॉडेल्समध्ये इंटरकूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला. बॉनेटवरचं ते भन्नाट नाकाड त्याच्यासाठीच, वारा आत घ्यायला. पळताना मस्त, पण उभी राहिली की खालून इंजिनाची सगळी आच थेट जाळीला. म्हणून तिच्या एसटीआय मॉडेलला आणि मित्सुबिशीच्या लान्सर इव्होला इंटरकूलरवर पाणी फवारायची सोय दिली होती. चुलीवरच्या भांड्यावर पाण्याचा शिपका मारावा तशी!

काही नव्या इंजिनांत हवेऐवजी पाण्यानं थंड होणारा इंटरकूलर असतो. फोक्सवॅगन ग्रुपच्या छोट्या टीएसआय इंजिनांत तो हवेच्या नळकांड्यातच बसवलेला असतो. पाणी हळूहळू तापतं, त्यामुळे सिग्नलच्या दोन-चार मिनिटांत ते डगमगत नाही. पण एकदा का मोठ्या जाममध्ये ते नीट तापलं, की निवायलाही तेवढाच वेळ घेतं. म्हणजे रुसवा उशिरा, पण समजूतही उशिरा. फुकटात काही मिळत नाही, बॉस!

आणि आपल्याकडे ही छोटी टर्बो इंजिनं एवढी का वाढली, माहितेय? टॅक्स. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी सरकारच्या लेखी 'छोटी'. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. मग कंपन्या इंजिन छोटं ठेवणार आणि ताकद टर्बोनं भरून काढणार, हे ओघानंच आलं. थोडक्यात, ३८ डिग्रीत, एसी लावून, जाममध्ये उभ्या राहणाऱ्या देशात आपण सगळे हौसेनं किंवा टॅक्सपायी टर्बोवाले झालो आहोत.

दोन सेकंदांच्या चार एसट्या

आता मुद्द्याची गोष्ट. त्या दिवशी नेमकं किती चुकलं? अण्णांनी पुढच्या भेटीत लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. समजा, रोजच्या ताकदीत ओव्हरटेक सहा सेकंदांत होतो आणि तापलेल्या गाडीला आठ लागले. दोनच सेकंदांचा फरक. मी ताशी ४० नं वर जातोय, एसटी ताशी ४० नं खाली येतेय. दोघांमधलं अंतर दर सेकंदाला साधारण २२ मीटरनं कमी होतं. दोन सेकंदांत ४४ मीटर. एक एसटी साधारण ११ मीटर लांब. "म्हणजे," अण्णांनी पेनाचं टोपण लावलं, "चार एसट्या उभ्या राहतील, एवढं अंतर तुम्ही हिशेबात धरलंच नव्हतं."

मी गप्प. आई आतून म्हणाल्या, "पुरे करा आता, जेवायला बसू दे त्यांना."

जेवता जेवता मी शेवटचा बचाव केला. "पण अण्णा, तुमची ८०० तरी कुठे घाटात पळते? उन्हात आणि उंचीवर तिचीही ताकद जातेच ना!"

"जाते की," अण्णा म्हणाले. "पण रोज तेवढीच जाते. ती कुठे चढणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तिला तिथे घालतच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ३७ घोड्यांच्या गाडीत माणूस टेम्पोच्या मागे निमूट बसतो, कारण त्याला दुसरा पर्यायच नसतो. धोका कमी ताकदीत नाही. धोका हा, की रोज शंभर घोडे देणारी गाडी, नेमकी गरज असताना, न सांगता ऐंशीवर येते आणि आपण शंभरांच्या भरवशावर उजवीकडे गेलेलो असतो. डॅशबोर्डवर दिवा नाही, घंटी नाही. इंजिनाचा काटाही मध्यावरच. कारण तो काटा पाण्याचं तापमान दाखवतो, हवेचं नाही.

मग करायचं काय?

टेन्शन नाही. गाडी विकायची नाही, टर्बो काढायचा नाही. गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या आणि मी स्वतः करून पाहिलेल्या काही गोष्टी.

पहिली आणि फुकटची : जाम सुटला की दोन मिनिटं थांबा. म्हणजे गाडी थांबवू नका, ओव्हरटेक थांबवा. चाळीस-पन्नासच्या स्पीडनं, पाय हलका ठेवून चाला. वारा जाळीतून जाऊ द्या. माझ्या गाडीचा ७४ चा आकडा दीड-दोन मिनिटांत पन्नासच्या घरात येतो. घाटात स्पीड कमी असतो, तिथे जरा जास्त वेळ धरा. गेलेली ताकद परत येते, ती कुठे पळून जात नाही.

दुसरी : लांब चढावर मोठा ओव्हरटेक करायचाच असेल, तर आधी एसी बंद करा. इंजिनावरचा बोजाही कमी आणि जाळीशेजारची गरमीही कमी. गिअर आधीच खाली घ्या, टर्बो जागा होईल या आशेवर वरच्या गिअरमध्ये रेंगाळू नका. आणि बाहेर निघण्याआधी, आपल्याच लेनमध्ये, एकदा पाय दाबून बघा. गाडी उचलते का? नाही उचलली, तर गाद्यांच्या मागे बसून सीनरी बघा.

तिसरी : बंपरच्या जाळीतून आत डोकावा. पालापाचोळा, किडे, चिखल, प्लास्टिकची पिशवी, काय काय सापडतं! साध्या नळाच्या पाण्यानं, गाडी गार असताना, हळुवार धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला, तर जाळीच्या नाजूक पात्या वाकतात. आणि हो, ग्रिलसमोर जाडजूड फॉगलॅम्प लावून गाडीचं नाक दाबू नका.

चौथी : जाममध्ये गाडी बंद करावी का? पेट्रोल वाचवायला जरूर करा. पण फॅन थांबला, की बॉनेटखालची गरमी तिथेच कोंडते. त्यामुळे पुन्हा सुरू केल्यावर लगेच ताकद मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. तेच दोन मिनिटांचं पथ्य. तसंच महागातलं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल नॉकिंगपासून थोडं जास्त वाचवतं, हे खरं. पण ते जाळी थंड करत नाही.

पाचवी : घसरलेला पिकअप म्हणजे दर वेळी हीट सोकच, असंही समजू नका. गाडी थंड असताना, मोकळ्या रस्त्यावरही ताकद नसेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा धूर दिसत असेल, तर हवेचा पाइप सुटलेला असू शकतो. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला, तर तो वेगळा आजार. तेव्हा थेट गॅरेज.

पुन्हा पसरणी

मे २०२५. पुन्हा शनिवार, पुन्हा घाट, पुन्हा जाम. मंडळी तीच. फक्त या वेळी आईंनी डबा आधीच पायाशी ठेवला होता. जाम सुटला आणि नशीब बघा, पुढे पुन्हा टेम्पो! या वेळी प्लास्टिकच्या खुर्च्या. सरळ तुकडा आला. समोर रस्ता रिकामा दिसत होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बायकोनं मोबाइलकडे बघून हळूच सांगितलं, "एकाहत्तर."

मी खुर्च्यांच्या मागेच राहिलो.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. मागची एक गाडी जोरात ओव्हरटेक करून गेली आणि जाताना माझ्याकडे बघून हात उडवला. मागच्या सीटवरून अण्णांनी विचारलं, "काय जावईबापू, टर्बो संपला का?"

"नाही अण्णा. गार होतोय."

"बरं," ते म्हणाले आणि आईंनी डबा उघडला.